तीन सेकंदांची धाव

१९९५ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा ते दहा वर्षांची फक्त पंधरा मुलं, आणि त्यांच्यावर सतत नजर ठेवून बसलेले निरीक्षक. दर तीन सेकंदांनी एक नोंद: आत्ता मूल काय करतंय? पळतंय, लोळतंय, कशावर तरी चढतंय, की भिंतीला टेकून उभं आहे? तासन्‌तास अशा नोंदी जमत गेल्या. शेवटी त्यांनी हिशेब मांडला आणि त्यातला एक आकडा मी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मुलांच्या जोरकस हालचालीचा, म्हणजे धावणं, उड्या मारणं, झटापट करणं यांचा, मध्यक कालावधी (निम्म्या हालचाली याहून लहान, निम्म्या मोठ्या) होता तीन सेकंद. हलक्या आणि मध्यम हालचालींचा सहा सेकंद. जोरकस हालचालींपैकी ९५ टक्के पंधरा सेकंदांच्या आत संपलेल्या. सलग दहा मिनिटं जोरात हालचाल करणारं मूल त्या सगळ्या नोंदींत एकदाही सापडलं नाही. विसावाही तसाच तुटक: ९५ टक्के वेळा सव्वाचार मिनिटांच्या आत मूल पुन्हा उठलेलं.

म्हणजे मूल धावतं, थांबतं, खाली बसून मुंगी बघतं, पुन्हा धावतं. कुणीतरी हाक मारली म्हणून वळतं, उगाच गिरकी घेतं, धपकन बसतं. त्याच्या दिवसात 'व्यायाम' नावाचा वेगळा कप्पा नसतो. मोठ्या माणसांचं मात्र सगळं कप्प्यांतच चालतं: आठ तास खुर्ची, मग अर्धा तास चालायला जाणं. आपण मुलांकडूनही तेच मागतो. वर्गात चाळीस मिनिटं हलायचं नाही, आणि खेळाच्या तासाला शिट्टी वाजली की मैदानाला सलग फेऱ्या मारायच्या. यातलं एकही त्यांच्या शरीराच्या चालीचं नाही.

मुलांची हालचाल आणि त्यांचा बैठेपणा यांवर जगभर झालेलं संशोधन मी बरीच वर्षं वाचत आले आहे. वाचता वाचता माझं एक मत घट्ट होत गेलं. मुलाला हालायला शिकवावं लागत नाही. त्याला लागते जागा, लागतो वेळ आणि लागते मुभा. या तिन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातात असतात. म्हणून 'हल्लीची मुलं हलतच नाहीत' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं, थोडा रागही येतो. हे वाक्य मुलाच्या अंगाला आळस चिकटवून मोकळं होतं.

या विषयाची सुरुवात मुलांपासून झालेली नाही. ती झाली लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की दिवसभर बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. नोकरी एकाच बसवर, शहर तेच, फरक पायांचा. त्याच सुमारास हान्स क्राउस आणि रूथ हर्शलँड यांनी मुलांसाठी स्नायूंच्या किमान ताकदीच्या सहा सोप्या चाचण्या लावून बघितल्या. अमेरिकी मुलांपैकी ५७.९ टक्के मुलं निदान एका चाचणीत नापास झाली आणि युरोपातली फक्त ८.७ टक्के. हे आकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत गेले, आणि १९५६ साली तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्राध्यक्षांची खास परिषद स्थापन झाली. तो काळ शीतयुद्धाचा. मुलांचे दंड कमकुवत म्हणजे देशाचे दंड कमकुवत, असा त्या काळजीचा सूर होता. मुलाला स्वतःला आज, या वयात, अंग मोकळं करून खेळायला मिळतंय का, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे तो आला, पण हळूहळू आला.

मोजायचं कसं, हा या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मला सगळ्यात जास्त रमवणाराही तोच. सुरुवातीला मुलांना विचारलं जाई. गेल्या आठवड्यात किती दिवस तू दम लागेपर्यंत खेळलास? मिळून किती वेळ? आता आठ वर्षांच्या मुलाने याचं काय उत्तर द्यावं? ज्याची धाव तीन सेकंदांची आहे त्याने तिची बेरीज कशी ठेवावी? त्याला आठवतं ते कोण पडलं, कोण जिंकलं, कुणी रडीचा डाव खेळला. मिनिटं मोठ्यांना आठवतात.

मग यंत्र आलं. ॲक्सेलरोमीटर ही काडेपेटीएवढी डबी पट्ट्याने कमरेला बांधायची, आठवडाभर वागवायची. अंगाला किती हिसके बसले याची ती नोंद ठेवते. हे आलं आणि आठवणीवरचं अवलंबन संपलं. पण सुरुवातीच्या यंत्रांची स्मरणशक्ती तोकडी होती, त्यामुळे एकेका मिनिटाची बेरीज करून तेवढीच साठवायची पद्धत पडली. आता कल्पना करा: मूल दहा सेकंद जिवाच्या आकांताने पळालं आणि उरलेली पन्नास सेकंद धापा टाकत उभं राहिलं. मिनिटाची सरासरी काढली की यंत्र म्हणतं, हलकी हालचाल. ती धाव गेली कुठे? सरासरीत विरघळून गेली. पुढे यंत्रं सुधारली, पंधरा सेकंदांचे, पाच सेकंदांचे, एकेका सेकंदाचे तुकडे साठवता येऊ लागले, आणि त्याच मुलांच्या जोरकस हालचालीची मिनिटं कागदावर वाढली. मूल आधीही तेवढंच धावत होतं.

दुसरा पेच रेघेचा. यंत्र फक्त आकडे देतं. किती आकड्यापुढे हालचालीला 'मध्यम' म्हणायचं हे माणसांनी ठरवायचं असतं. २००८ साली इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी काढलेली रेघ, यंत्राच्या नोंदीत मिनिटाला २,२९६ हा आकडा, आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण इतर रेघा आहेत, कुणाची पंधराशेच्या आसपास, कुणाची तीन हजारांच्या वर. रेघ खाली ओढली तर जवळजवळ सगळी मुलं भरपूर हालणारी ठरतात, वर सरकवली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलं तीच, आठवडा तोच. शिवाय कमरेवरच्या डबीला सायकल नीट कळत नाही, आणि पोहायला जाताना ती बहुधा काढूनच ठेवावी लागते. हे सगळं सांगण्यामागे संशोधनावर अविश्वास दाखवण्याचा हेतू मुळीच नाही. उलट, हे पेच संशोधकांनी स्वतःच उकलून लोकांसमोर ठेवले, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. फक्त वर्तमानपत्रात 'इतके टक्के मुलं निष्क्रिय' असं ठळक अक्षरांत आलं की त्यामागे मोजायचं साधन कुठलं, तुकडा किती सेकंदांचा, रेघ कुठली, हे विचारायची सवय वाचकाला हवी.

तरीही काही गोष्टी कुठल्याही साधनाने मोजल्या तरी उमटतातच.

पहिली म्हणजे वयाबरोबर होणारी घसरण. दहा देशांतल्या सत्तावीस हजारांहून जास्त मुलांच्या यंत्रनोंदी एकत्र करून बघितल्या, तेव्हा पाच वर्षांनंतर प्रत्येक वाढत्या वयाला एकूण हालचाल सरासरी ४.२ टक्क्यांनी कमी दिसली. लक्षात घेण्यासारखं हे, की त्यात मुख्यतः गळते ती हलकी हालचाल. घरात इकडून तिकडे जाणं, उभ्याने रेंगाळणं, विनाकारण चक्कर मारणं. तिची जागा बसणं घेतं. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या गेट्सहेडमध्ये तर त्याच मुलांना सातव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या वर्षी मोजलं. पौगंडावस्थेत मुलं मंदावतात, असा तोवरचा सर्वसाधारण समज. इथे घसरण सातव्या वर्षापासूनच चालू झालेली होती. सुमारे पाचवा हिस्सा मुलगे असे निघाले, की ज्यांची हालचाल पंधराव्या वर्षापर्यंत टिकून राहिली. मुलींमध्ये असा टिकून राहिलेला गटच सापडला नाही.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवलं नाही.

मुलींची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक लेखांत ती एका वाक्यात उरकली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या सोळा लाख शाळकरी मुलामुलींच्या पाहण्या एकत्र केल्या. वय ११ ते १७. दिवसाला तासभर मध्यम ते जोरकस हालचाल, हा निकष. २०१६ साली ८१ टक्के किशोरवयीन त्याच्या खाली होते. मुलगे ७७.६ टक्के, मुली ८४.७ टक्के. २००१ पासूनच्या पंधरा वर्षांत मुलग्यांचा आकडा ८०.१ वरून थोडा उतरला, म्हणजे किंचित सुधारणा झाली. मुलींचा ८५.१ होता, तो जवळपास तिथेच राहिला. जगात जे काही थोडंफार सुधारलं त्यात मुलींना वाटाच मिळाला नाही.

आता याच्या शेजारी दुसरं संशोधन ठेवा. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात १९९१ पासून काही वर्षं वाढत्या मुलामुलींच्या हाडांची घनता नियमित मोजली गेली. प्रौढ माणसाच्या हाडांत जेवढं खनिज असतं, त्यातलं सुमारे २६ टक्के एका विशिष्ट दोन वर्षांत साठतं, असं दिसलं. उंची सपाट्याने वाढते त्याच काळाच्या आसपासची ही दोन वर्षं. या साठवणीचा वेग सर्वांत जास्त असतो मुलींमध्ये साडेबाराच्या सुमारास आणि मुलग्यांमध्ये चौदाच्या सुमारास. आणि भरपूर हालणाऱ्या मुलींच्या हाडांत, कमी हालणाऱ्या मुलींच्या तुलनेत, या सर्वांत जास्त वेगाच्या काळानंतर वर्षभराने १७ टक्के जास्त खनिज होतं. मुलग्यांत हा फरक ९ टक्के होता.

साडेबारा वर्षं. म्हणजे नेमकं ते वय, जेव्हा मुलगी मैदानाच्या कडेला उभी राहायला लागते. पाळी सुरू झालेली असते, कपडे अंगाला नीट बसत नाहीत, कुणी बघतंय का याची सतत धास्ती असते, आणि 'आता मोठी झालीस' हे वाक्य चहूकडून कानांवर पडत असतं. तिच्या हाडांना उड्यांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच तिला उड्या मारणं शोभत नाही असं कळवलं जातं. पन्नाशी-साठीत पडून हाड मोडणाऱ्या बाईचा एक्स-रे काढताना तिच्या तेराव्या वर्षाची आठवण कुणाला येत नाही. मला येते. मुलींसाठी बंद दाराची कपडे बदलायची खोली, पाळीतही निर्धास्त पळता येईल असा गणवेश, आणि फक्त त्यांचा म्हणून राखलेला मैदानाचा एक भाग, या गोष्टींना मी क्रीडाखात्याच्या किरकोळ मागण्या मानत नाही. त्या आरोग्याच्या मागण्या आहेत.

आता बसण्याविषयी. गेल्या काही वर्षांत बसण्याला फार बदनाम केलं गेलं, आणि त्यात थोडी घाई झाली असं मला वाटतं. संशोधक बैठं वर्तन कशाला म्हणतात ते आधी बघू. जागेपणी, बसून, रेलून किंवा आडवं होऊन केलेलं असं काहीही, ज्यात शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या दीडपटीपलीकडे जात नाही. मग त्यात मोबाइलही आला आणि गोष्टीचं पुस्तकही, गृहपाठही आणि आजोबांच्या शेजारी बसून मारलेल्या गप्पाही. शरीराच्या लेखी हे सगळं एकच. मुलाच्या वाढीच्या लेखी मुळीच एक नाही.

शिवाय बैठेपणा म्हणजे हालचालीचा अभाव नव्हे, दोन्ही एकाच दिवसात सुखाने नांदू शकतात. रोज तासभर फुटबॉल खेळणारी मुलगी उरलेला जागेपणाचा वेळ पूर्ण बसून काढू शकते. २०१२ साली एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी ४ ते १८ वयाच्या २०,८७१ मुलांच्या नोंदी तपासल्या. मुलं सरासरी दिवसाला ३५४ मिनिटं बैठी होती आणि मध्यम ते जोरकस हालचाल होती ३० मिनिटं. कंबर, रक्तदाब, रक्तातली चरबी, इन्सुलिन यांचा संबंध हालचालीशी स्पष्ट लागला. हालचाल हिशेबात धरल्यावर बसण्याच्या एकूण वेळेचा वेगळा संबंध लागला नाही. म्हणून खुर्चीला खलनायक करून भागणार नाही. जे मूल पुरेसं धावतं, ते नंतर निवांत बसलं तर बसू दे.

पण सलग बसण्याची गोष्ट थोडी वेगळी असावी, असं सुचवणारा एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. सात ते अकरा वर्षांची २८ निरोगी मुलं. एके दिवशी तीन तास सलग बसली. दुसऱ्या दिवशी तेवढेच तीन तास, पण दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटं चालली. मधेमधे उठण्याच्या दिवशी गोड पेय पचवताना शरीराला इन्सुलिन ३२ टक्के कमी लागलं, साखरेची पातळीही थोडी खाली राहिली, आणि नंतर जेवताना मुलांनी जास्त खाल्लंही नाही. एवढ्याशा प्रयोगावरून सगळ्या जगाचं वेळापत्रक बदलू नये हे खरं. मात्र १९९५ च्या त्या पंधरा मुलांकडे पुन्हा बघितलं तर लक्षात येतं, की मोकळं सोडलेलं मूल याहून कितीतरी जास्त वेळा आपणहून उठत होतं. ते उठणं वर्गात 'चुळबुळ' म्हणून गणलं जातं.

पडद्याचा प्रश्न बसण्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. तिथे नुसतं शरीर बसत नाही, झोपेतले तास खाल्ले जातात, खाणं नकळत होतं, बाहेरचा उजेड चुकतो. कॅनडाने २०१६ साली ५ ते १७ वयोगटासाठी मार्गदर्शक सूचना काढताना म्हणूनच पूर्ण चोवीस तासांचा विचार केला. असा एकत्र विचार करणारा तो पहिला देश. दिवसातून किमान तासभर मध्यम ते जोरकस हालचाल, कित्येक तास हलकी हालचाल, करमणुकीचा पडदा दोन तासांपलीकडे नको, आणि झोप ५ ते १३ वयात ९ ते ११ तास, १४ ते १७ वयात ८ ते १० तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनी पडद्याला तासांची मर्यादा घातली नाही, बैठा वेळ आणि विशेषतः करमणुकीचा पडदा कमी ठेवा एवढंच म्हटलं, कारण नेमकी रेघ ओढण्याइतका पुरावा त्यांना दिसला नाही. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. त्याच सूचनांत अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही पहिल्यांदाच स्वतंत्र शिफारस आली, आणि तीही रोज सरासरी तासभर हालचालीचीच. कुणालाही 'तू कडेला बस' म्हणायची सोय तिने ठेवलेली नाही.

चोवीस तास हे अपुऱ्या पांघरुणासारखे असतात. डोकं झाकायला ओढलं की पाय उघडे पडतात. शिकवणीचा एक तास वाढवला तर तो कुठून तरी कापला जातोच, बहुतेक वेळा झोपेतून किंवा संध्याकाळच्या खेळातून. ज्या घरात मुलाच्या वेळापत्रकात नवीन क्लास घालताना 'हा वेळ कशातून काढला?' असं विचारलं जातं, त्या घरातल्या मुलाला मी भाग्यवान समजते.

मग उपाय काय झाले? इथे संशोधन फार उमेद देत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मुलांची हालचाल वाढवण्यासाठी केलेल्या ३० नियंत्रित प्रयोगांचा २०१२ साली एकत्र आढावा घेतला गेला. यंत्राने मोजलेली वाढ भरली दिवसाला सुमारे चार मिनिटं. महिनोन्‌महिने चाललेले कार्यक्रम, प्रशिक्षित शिक्षक, पालकांना पत्रकं, आणि हाती लागली चार मिनिटं.

असं का व्हावं? एक मत असं, की शरीरातच हालचालीचा एक ठरलेला कोटा असतो. शाळेत जास्त पळवलं तर मूल घरी जाऊन तेवढं कमी हालतं. २००३ साली इंग्लंडमधल्या तीन शाळांच्या अभ्यासाने या मताला बळ दिलं. एका शाळेत आठवड्याला नऊ तास शारीरिक शिक्षण, दुसरीत २.२, तिसरीत १.८. आठवड्याची एकूण हालचाल मात्र तिन्ही शाळांतल्या मुलांची सारखीच भरली. हे वाचून कुणी म्हणेल, मग खेळाचे तास बंदच करा. पण २००० सालचा एक अमेरिकी अभ्यास याच्या उलट दाखवतो. तिथे काही दिवस मुलांना मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला मुद्दाम बसवून ठेवलं. कोट्याचं मत खरं असतं तर शाळा सुटल्यावर मुलांनी ती कसर भरून काढली असती. त्यांनी काढली नाही. उलट ज्या दिवशी शाळेत खेळायला मिळालं, त्या दिवशी ती शाळा सुटल्यावरही जास्त हालली.

मला वाटतं, या वादात एक गोष्ट निसटते. कार्यक्रमांनी मुलाला बदलायचा प्रयत्न केला, त्याच्या भोवतालचं जग होतं तसंच ठेवलं. ते जग किती आक्रसलं आहे हे बघायला हालचालीच्या अभ्यासांबाहेर जावं लागतं. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १९७१ साली पाहणी केली, तेव्हा सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० साली ती पाहणी पुन्हा केली, तेव्हा ९ टक्के. एकोणीस वर्षांत एवढं. पालकांनी दिलेलं मुख्य कारण वाहनांची भीती. याच काळात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि ती रस्ते सुरक्षित झाल्याची खूण मानली जात होती. हिलमन यांनी बोट ठेवलं ते इथे: रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, रस्त्यांवरून मुलं काढून घेतलेली आहेत. मला या विषयातला हा सर्वांत मर्मावरचा मुद्दा वाटतो. शाळेचा रस्ता म्हणजे नुसतं चालणं नसतं. त्यात कठड्यावरून तोल सावरत जाणं असतं, दगडाला लाथ मारत नेणं असतं, मैत्रिणीबरोबर पुढच्या कोपऱ्यापर्यंत शर्यत असते. तीन-तीन सेकंदांच्या त्या धावा इथेच होत होत्या, आणि कुणाला त्यांचं नियोजन करावं लागत नव्हतं.

बाहेर असण्याचं मोल डोळ्यांनाही कळतं. चीनमधल्या ग्वांगजो शहरात बारा प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज शाळेच्या शेवटी चाळीस मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी जडलेली होती, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. इथे धावण्याचा संबंध नसावा. उघड्यावरचा प्रखर उजेडच काम करतो असं मानलं जातं. मूल बाहेर नुसतं झाडाखाली बसलं तरी काहीतरी कमावतं.

एका देशाचं उदाहरण मी नेहमी सांगते, स्लोव्हेनियाचं. १९८२ पासून तिथल्या शाळांत मुलांची ताकद, वेग, लवचीकपणा, दमसास मोजायची पद्धत सुरू झाली, आणि आता दर एप्रिलमध्ये देशभर ती मोजणी होते. पालकांची संमती घेऊन, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं. २०२० साली कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि मुलं घरात अडकली, त्यानंतरच्या मोजणीत तोवरच्या नोंदींमधली सर्वांत मोठी घसरण दिसली. इतर देश अंदाज बांधत असताना त्यांच्याकडे मोजलेला आकडा होता, आणि शाळा उघडताना मुलांना मैदानावर आणायचा आग्रह त्यांना पुराव्यानिशी धरता आला. अनेक देशांच्या मुलांच्या हालचालीला श्रेणी देणारं एक जागतिक प्रगतिपुस्तक निघतं. त्यात बहुतेक देश 'ड'च्या आसपास रेंगाळतात आणि स्लोव्हेनिया 'अ'पाशी पोहोचतो. तिथली मुलं वेगळ्या मातीची नाहीत. तिथे मोठ्यांनी चार दशकं लक्ष सोडलेलं नाही.

आणि काही गोष्टींना चार दशकं लागतही नाहीत. शाळेच्या अंगणात रंगीत रेघा, चौकोन, वळणवाटा आखल्या की सुट्टीतली हालचाल वाढते, हे इंग्लंडमधल्या स्ट्रॅटन यांच्या अभ्यासांपासून अनेकदा दिसलं आहे. मुलांना कुणी 'खेळा' म्हणत नाही, जमीनच बोलावते.

मधल्या सुट्टीबद्दल मला विशेष कळकळ आहे. दिवसभराच्या शाळेत एवढाच वेळ मूल स्वतःच्या चालीने हालतं. धावायचं की रेंगाळायचं, कुणाबरोबर, किती, हे तेच ठरवतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली यावर स्वतंत्र निवेदन काढून सांगितलं, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यास भरून काढण्यासाठी मुलाची मधली सुट्टी काढून घेऊ नये. तरी ती काढून घेतली जाते. बहुधा त्याच मुलाची, जे वर्गात जागेवर टिकत नाही, म्हणजे ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

पुढच्या पालकसभेत मी गुणांबद्दल काही विचारणार नाही. गेल्या सत्रात खेळाचे किती तास दुसऱ्या विषयाला दिले गेले, शिक्षा म्हणून कुणाला सुट्टीत वर्गात बसवलं जातं का, आणि सातवी-आठवीच्या मुली सुट्टीत मैदानाच्या कुठल्या भागात असतात, हे तीन प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक कुणापाशी नसेल. मग एखाद्या दिवशी सुट्टीत तिथे उभं राहून आपण मिळून बघू, असं मी सुचवणार आहे.